गोधडीचे दान

॥ श्री ॥

तीर्थक्षेत्री जाणाऱ्याने रिक्तहस्ते जाऊ नये, असा आपल्याकडील जुना संकेत आहे. कोणी देवीची ओटी भरतो, कोणी अन्नछत्रासाठी शिधा अर्पण करतो, कोणी यथाशक्ती द्रव्य देतो. याखेरीज आणखी एक वस्तू अनेक कुटुंबे सोबत आणतात. ती म्हणजे घरातील जुन्या वस्त्रांचे गाठोडे. ‘गोरगरिबांना वाटून टाका’ असे सांगून ते सेवेकऱ्यांच्या स्वाधीन केले जाते. यामागील हेतू बहुधा चांगलाच असतो. तथापि त्यातून एक प्रश्न उभा राहतो आणि त्याचा विचार प्रत्येक दात्याने एकदा तरी करावा. जे आपल्याला नकोसे झाले ते दुसऱ्यास देणे, यास दान म्हणता येईल काय?

या प्रश्नाला जोडूनच दुसरा प्रश्न येतो. त्याच जुन्या वस्त्रांचे तुकडे निवडून, एकावर एक थर रचून कोणी गोधडी शिवली आणि ती एखाद्या वृद्धाश्रमास किंवा अनाथ बालकांच्या वसतिगृहास अर्पण केली, तर ते दान कोणत्या कोटीतील? गाठोड्यातील कापड जुनेच होते आणि गोधडीतील कापडही जुनेच आहे. द्रव्याच्या दृष्टीने पाहिले तर दोहोंत भेद नाही. तरीही भेद आहे हे मन तत्काळ सांगते. तो भेद नेमका कशात आहे, याचा शोध घेण्याचा हा अल्प प्रयत्न.

नचिकेत्याची अस्वस्थता

कठोपनिषदाचा आरंभ दानाच्या प्रसंगानेच होतो. वाजश्रवस नावाच्या यजमानाने यज्ञात आपले सर्वस्व दान करण्याचे व्रत घेतले. मात्र दक्षिणेसाठी ज्या गाई पुढे आणल्या गेल्या, त्या इतक्या थकलेल्या होत्या की, त्यांचे चारापाणीही संपल्यात जमा होते. त्या आता दूध देणार नव्हत्या, त्यांना वासरू होण्याचीही आशा नव्हती. यज्ञाचा विधी यथासांग पार पडत होता, गाईंची गणती बरोबर होती, वचनाचा भंग कोठेही दिसत नव्हता. अस्वस्थ झाला तो एकटा नचिकेता. वयाने लहान असलेल्या त्या मुलाने पित्यास विचारले की, आपण मला कोणाला देणार? या एका प्रश्नाने पित्याच्या दानातील उणीव उघडी पडली. सर्वस्व द्यायचे म्हटल्यावर प्रिय वस्तूही त्यात यायला हवी. केवळ निरुपयोगी तेवढे देऊन व्रत पुरे होत नाही.

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात, २० ते २२ या तीन श्लोकांत दानाचे सात्त्विक, राजस व तामस असे तीन प्रकार वर्णिले आहेत. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, कर्तव्यबुद्धीने, योग्य स्थळी, योग्य काळी व योग्य व्यक्तीस दिलेले दान सात्त्विक होय. उपकाराची फेड व्हावी किंवा फळ मिळावे म्हणून, मनाला क्लेश करून घेत दिलेले दान राजस होय. स्थळकाळाचा व पात्रतेचा विचार न करता, सत्कारावाचून, तुच्छतेने दिलेले दान तामस होय. या विवेचनात वस्तूच्या किमतीचा उल्लेख नाही, ती नवी की जुनी हाही विचार नाही. सारा भर देणाऱ्याच्या वृत्तीवर आणि घेणाऱ्याच्या स्थितीवर आहे.

यावरून कोणी असा अर्थ काढील की, वृत्ती शुद्ध असली म्हणजे वस्तू कशीही चालेल. परंतु हा अर्थ टिकत नाही, कारण वृत्ती वस्तूत उतरल्यावाचून राहत नाही. गुंड्या तुटलेला, काखेत उसवलेला, न धुतलेला सदरा ज्याच्या हाती पडतो, त्याला दात्याचे मन वेगळे सांगावे लागत नाही. आपल्याविषयी त्याने काय विचार केला हे तो सदराच सांगतो. गीतेने जिला तामस दानाचे लक्षण म्हटले, ती अवज्ञा अशी कापडातून बोलते.

जुने म्हणजे टाकाऊ नव्हे

देवकार्यात आपण नवे, कोरे वस्त्र वापरतो. म्हणून जुने वस्त्र हे मुळातच कमी प्रतीचे, असा समज होण्याचा संभव आहे. पण आपल्याच घरांतील एक रीत याच्या अगदी उलट आहे. नवजात बालकाला गुंडाळण्यासाठी आजीच्या मऊ झालेल्या सुती लुगड्याचे दुपटे शिवतात. नव्या कापडाची खळ व खरखर बाळाच्या त्वचेला सोसत नाही, शेकडो वेळा धुतलेल्या सुताचा मऊपणा नव्यास येत नाही. घरातील सर्वांत लाडक्या जिवाला आपण जुने वस्त्र देतो, आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही. कारण ते ‘उरले’ म्हणून दिलेले नसते, तर ‘हेच योग्य’ म्हणून निवडलेले असते.

बौद्धांच्या विनयपिटकात कौशांबीच्या उदयन राजाची एक कथा आहे. राण्यांनी आनंद या भिक्षूस पाचशे वस्त्रे दिली, तेव्हा एवढ्या वस्त्रांचे हा काय करणार, अशी शंका राजास आली. आनंदाने सांगितले की, ज्यांची चीवरे फाटली आहेत अशा भिक्षूंना ती वाटली जातील. त्यांच्या जुन्या चीवरांची अंथरुणे होतील, जुन्या अंथरुणांची पायपुसणी होतील, ती झिजली की झटकण्याची फडकी होतील, आणि अखेरीस त्यांचे तुकडे चिखलात कालवून जमीन सारवली जाईल. हे ऐकून राजा संतुष्ट झाला. दान घेणाराही त्या वस्तूचा विश्वस्त असतो आणि तिचा शेवटचा धागा कारणी लावणे हे त्याचे कर्तव्य असते, हा या कथेचा बोध आहे.

भारताच्या कानाकोपऱ्यांत हीच दृष्टी दिसते. आपल्याकडची गोधडी किंवा वाकळ, उत्तर कर्नाटकातील कौदी, बंगालमधील कांथा, बिहारमधील सुजनी ही एकाच कुळातील भावंडे होत. संस्कृत वाङ्मयात ‘कन्था’ हे विरक्तांचे वस्त्र म्हणून येते, आणि नाथपंथी योग्यांच्या वेषातही कंथेला स्थान आहे. ज्या तुकड्यांना संसाराने टाकून दिले, त्यांनीच साधूला आणि बाळाला ऊब द्यावी, यात फार मोठा अर्थ आहे.

गोधडी कशी सिद्ध होते

गोधडीचे नैतिक मोल समजून घ्यायचे तर ती कशी तयार होते हे पाहणे अगत्याचे आहे, कारण तिचे मोल तिच्या घडणीतच आहे.

प्रथम जमवलेली वस्त्रे गरम पाण्याने स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवतात. मग निवड सुरू होते. प्रत्येक वस्त्र उजेडासमोर धरून पाहतात. जेथे धागे विरळ होऊन उजेड आरपार येतो तो भाग वरच्या पदरासाठी बाद होतो. तो आत भर म्हणून जातो. जेथे वीण अजून दाट आहे तो भाग वर येतो. गुंड्या, हूक, जाड शिवणी काढून टाकतात, नाहीतर निजणाऱ्याला त्या टोचतात. सुती व कृत्रिम धाग्याचे कापड शक्यतो एकत्र करीत नाहीत, कारण धुतल्यावर सूत आटते, कृत्रिम धागा आटत नाही, आणि गोधडीला सुरकुत्या पडतात.

नऊवारी लुगड्याची लांबी सुमारे ८ मीटर असते. त्याच्या चार घड्या केल्या की एका माणसास पुरतील असे सुमारे २ मीटर लांबीचे चार थर होतात. दोन थर खाली, दोन वर, आणि मध्ये निवडलेल्या तुकड्यांची भर, अशी रचना जमिनीवर ताणून मांडतात. चारही कोपऱ्यांवर जड वस्तू ठेवतात, जेणेकरून घडी सरकू नये. मग लांब लांब कच्चे टाके घालून सारे थर एकत्र बांधतात, आणि त्यानंतर धावदोरा सुरू होतो. जाणत्या स्त्रिया शिवताना कापडाचा झोळ पडू देत नाहीत. दोऱ्याच्या गाठी आतल्या थरांत लपवतात. शेवटी जुन्या साडीचे काठ लावून कडा बंद करतात.

यात किती टाके पडतात? गोधडीची रुंदी ११५ सेंटिमीटर धरली आणि दीड सेंटिमीटर अंतराने ओळी घातल्या तर सुमारे ७५ ओळी होतात. २ मीटरच्या एका ओळीत सेंटिमीटरला एक टाका धरला तर २०० टाके होतात. म्हणजे एका गोधडीत सुमारे १५,००० वेळा सुई खाली जाते आणि वर येते. इतके टाके शोभेसाठी नसतात. टाके विरळ असतील तर पहिल्याच धुण्यात आतील भर गोळा होऊन एका कोपऱ्यात जाते आणि पांघरणाऱ्याला मधल्या भागात थंडी वाजते. थरांच्या मध्ये जी हवा कोंडून राहते तीच खरी ऊब देते, आणि ती हवा सर्वत्र सारखी राहावी म्हणून टाक्यांचा हा व्याप.

गोधडी शिवताना जे जे केले जाते, त्यातील प्रत्येक कृती पांघरणाऱ्याच्या देहाचा विचार करून केलेली असते, हे येथे ध्यानात येते. गुंडी काढली ती त्याला टोचू नये म्हणून, गाठ लपवली ती त्याला रुतू नये म्हणून, टाका दाट घातला तो त्याला पहाटे गारवा लागू नये म्हणून. ज्याला आपण पाहिलेले नाही, ज्याचे नाव ठाऊक नाही, अशा माणसाच्या झोपेचा विचार कित्येक दिवस मनात बाळगावा लागतो. गाठोडे बांधायला पाव तास पुरतो, आणि त्या पाव तासात घेणाऱ्याचा विचार एकदाही मनात आला नाही तरी गाठोडे बांधले जाते. गोधडीचे तसे होत नाही.

दोन प्रश्न

द्रौपदीच्या चिंधीची कथा महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. ही कथा लोकपरंपरेने जतन केलेली आहे. श्रीकृष्णाचे बोट कापले, रक्त वाहू लागले, आणि बांधायला चिंधी हवी झाली. सुभद्रेकडे ती मागितली, तेव्हा घरातील सर्व वस्त्रे भारी, त्यांतील कोणते फाडावे या विचारात ती पडली. द्रौपदीने मात्र क्षणाचाही विलंब न लावता अंगावरील मौल्यवान वस्त्र फाडले. या कथेतील दोघींचीही श्रीकृष्णावर प्रीती होती. फरक एवढाच की, सुभद्रेने आधी पेटीकडे पाहिले आणि द्रौपदीने आधी जखमेकडे पाहिले.

दानाच्या वेळी आपल्या मनात हेच दोन प्रश्न उभे असतात. ‘मला काय नको आहे?’ हा पहिला, आणि ‘त्याला काय हवे आहे?’ हा दुसरा. पहिल्या प्रश्नापासून निघालेला हात पेटीपाशी थांबतो. दुसऱ्या प्रश्नापासून निघालेला हात माणसापर्यंत पोहोचतो. गोधडीचे वैशिष्ट्य असे की, तिचे कापड पहिल्या प्रश्नातून आलेले असते, पण तिचा प्रत्येक टाका दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असतो. आपली अडगळ आणि दुसऱ्याची गरज यांना जोडणारा दोरा म्हणजे श्रम. तो दोरा ओवला नाही तर अडगळ ही अडगळच राहते.

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात सुदाम्याचे आख्यान आहे. त्याच्या पत्नीने शेजारच्या घरांतून चार मुठी पोहे मागून आणले आणि ते एका फडक्याच्या तुकड्यात बांधून दिले. म्हणजे ती भेटही एका अर्थी गोधडीच होती, दारोदारचे थोडेथोडे गोळा करून चिंधीत बांधलेली. द्वारकेचे वैभव पाहून सुदामा ती पुरचुंडी पुढे करण्यास संकोचला. दात्याच्या मनातील हा संकोच आपल्या परंपरेने भूषण मानला आहे. दिल्याचा गर्व वाटण्याऐवजी ‘आपण दिले ते पुरेसे आहे काय’ अशी रुखरुख ज्याला लागते, त्याचे दान स्वीकारण्यास भगवंताने स्वतः हात पुढे केला.

एक रास्त आक्षेप

यावर विचारी वाचक आक्षेप घेईल. आज बाजारात यंत्रावर विणलेली ब्लँकेटे माफक दरात मिळतात. एका गोधडीमागे जितके दिवस जातात, तितक्या दिवसांच्या मिळकतीत अशी कितीतरी ब्लँकेटे घेता येतील. थंडीने कुडकुडणाऱ्यास दात्याच्या पंधरा हजार टाक्यांशी काय कर्तव्य? शिवाय गोधडी धुतल्यावर जड होते आणि लवकर वाळत नाही. मग गोधडीचा आग्रह हा दात्याच्या आत्मसंतोषाचाच एक प्रकार नव्हे काय?

हा आक्षेप बाजूला सारण्याजोगा नाही. पुरात ज्याचे घर बुडाले त्याला आज रात्रीच कोरडे पांघरूण हवे असते, तेथे गोधडी शिवायला बसणे हा अविवेक ठरेल. रुग्णालयात वरचेवर धुवावे लागणारे, हलके पांघरूणच सोयीचे. ज्याच्याजवळ द्रव्य आहे आणि वेळ नाही, त्याने निःसंकोचपणे नवी ब्लँकेटे द्यावीत. त्या दानात काहीही उणे नाही. गीतेने स्थळ, काळ व पात्र यांचा विवेक सांगितला आहे तो याचसाठी. ‘माझ्या हातची’ या अभिमानाने नको तेथे गोधडी देणे म्हणजे पुन्हा पेटीकडेच पाहणे होय.

तरीही गोधडीचे स्थान शिल्लक राहते. मुक्काम जेथे दीर्घ आहे, जेथे माणसे वर्षानुवर्षे राहतात, अशा आश्रमांत व वसतिगृहांत टिकाऊ, मऊ, सुती पांघरुणाची गरज असते. दुसरे असे की, ज्याच्याजवळ देण्यास द्रव्य नाही, पण हात आहेत आणि घरात चार जुनी लुगडी आहेत, त्यालाही दाता होता यावे. दान हा केवळ धनवंतांचा अधिकार नव्हे. एखाद्या वृद्ध माउलीने हिवाळ्याच्या तोंडी एक गोधडी पुरी करून अर्पण केली, तर तिने आपल्या आयुष्यातील इतके दिवस दिले. ते द्रव्याने मोजता येत नाहीत, आणि बाजारातून आणताही येत नाहीत.

घेणाऱ्याचा मान

२६ डिसेंबर २००४ रोजी आलेल्या त्सुनामीनंतर देशभरातून जुन्या कपड्यांचा ओघ तामिळनाडूच्या किनाऱ्याकडे लागला. त्यांतील पुष्कळसे कपडे तेथील लोकांच्या उपयोगाचे नव्हते आणि त्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले. देणाऱ्यांची करुणा खोटी नव्हती, परंतु घेणाऱ्यांनाही मान असतो याचा विसर पडला होता. सर्वस्व वाहून गेलेला माणूसही दुसऱ्याचे मळके वस्त्र अंगावर घालताना थबकतो. ते थबकणे हा उद्दामपणा नसून मनुष्यत्व होय.

अंशु गुप्ता यांनी १९९९ साली स्थापन केलेल्या ‘गूंज’ या संस्थेने वस्त्राचा हाच मान केंद्रस्थानी ठेवला. गावकऱ्यांनी आपल्याच गावासाठी विहीर, रस्ता, तळे असे काम करावे आणि त्या श्रमांचा मोबदला म्हणून कपडे घ्यावेत, अशी पद्धत या संस्थेने रूढ केली. अशा रीतीने घेणारा याचक राहत नाही. या कार्यासाठी गुप्ता यांना २०१५ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

महाराष्ट्राला तर याचा वस्तुपाठ फार पूर्वीच मिळाला आहे. श्री संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) स्वतः चिंध्या जोडलेले वस्त्र पांघरीत, म्हणून लोक त्यांना ‘गोधडे महाराज’ही म्हणत. त्यांच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या दशसूत्रीत अन्न व पाणी यांच्यामागोमाग वस्त्राचा क्रम लागतो. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी अशा क्षेत्री त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या. लोकांसाठी पक्का निवारा आणि स्वतःसाठी चिंध्यांची गोधडी, असा त्यांचा हिशेब होता. आपल्यापैकी बहुतेकांचा हिशेब याच्या नेमका उलट असतो, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

दात्यांस विनंती

ज्या भाविकांना वस्त्रदान वा गोधडीदान करावयाचे आहे, त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

१. आधी विचारावे, मग द्यावे. ज्या आश्रमास वा वसतिगृहास द्यावयाचे तेथे कोणत्या मापाची, किती व केव्हा गरज आहे याची चौकशी करावी.

२. वस्त्र धुऊन, वाळवून, दुरुस्त करून द्यावे. जे वस्त्र आपण स्वतःच्या नातवंडावर पांघरणार नाही ते दुसऱ्यावर पांघरू नये.

३. ज्यांना शिवण येत नाही त्यांनी गोधड्या शिवणाऱ्या भगिनींकडून योग्य मजुरी देऊन गोधडी शिवून घ्यावी. यात एकाच द्रव्याने एकीस काम आणि दुसऱ्यास ऊब मिळते. मजुरीत मात्र घासाघीस करू नये. एकीचे श्रम स्वस्तात घेऊन दुसऱ्यास केलेले दान अपुरेच राहते.

४. भजनी मंडळे व महिला मंडळे यांनी मिळून एक गोधडी शिवावी. अनेक घरांतील तुकडे एकत्र आले की कोणता तुकडा कोणाचा हे पुढे ओळखू येत नाही, आणि त्याबरोबर ‘मी दिले’ हा अहंकारही त्या थरांत विरून जातो.

५. गोधडीवर दात्याचे नाव शिवू नये. पांघरणाऱ्यास रोज रात्री उपकाराचे स्मरण देणे योग्य नव्हे.

दान म्हणजे वस्तूने घर बदलणे एवढेच नव्हे. ती वस्तू हातावेगळी होण्यापूर्वी दात्याचे मन घेणाऱ्यापर्यंत जाऊन आले पाहिजे. नव्या वस्त्राने हे साधते, द्रव्यानेही साधते, आणि जीर्ण चिंध्यांनीही साधते. न साधले तर रेशमी शालूही ओझेच होय. आपल्या कपाटातील जुनी वस्त्रे बाहेर काढताना प्रत्येकाने एवढेच पाहावे की, आपली दृष्टी कपाटाकडे आहे की थंडीत जागणाऱ्या त्या अनोळखी बांधवाकडे. दृष्टी तिकडे वळली की हाताला सुई-दोरा आपोआप सापडतो.

सर्व दात्यांच्या हातून अशी सेवा घडो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥